दोनशे पावलांवरचा समुद्र

आमच्या घरात काचेच्या कपाटात एक शंख आहे. मुठीएवढा, एका बाजूने टवका उडालेला. अब्बा हयात असताना एकदा केळीच्या ट्रकबरोबर वाशीच्या फळबाजारात गेले होते. माल उतरवून झाल्यावर कुणीतरी त्यांना समुद्र दाखवायला नेलं, तिथून त्यांनी तो आणला. अम्मींना म्हणाले, पुढच्या खेपेला तुला घेऊन जातो. त्यानंतर मुलांची शिक्षणं आली, बहिणींचे निकाह आले, दोनदा वादळाने बाग आडवी केली. अब्बांना जाऊनही आता नऊ वर्षं झाली. घरातल्या प्रत्येक मुलाने तो शंख कानाला लावून पाहिला आहे. अम्मींनी मात्र सत्तरी गाठेपर्यंत समुद्र पाहिला नव्हता.

यात नवल काही नाही. सावद्याच्या माणसाला मोठं पाणी म्हणजे तापी, आणि त्याहून मोठं म्हणजे हतनूरचं धरण. फिरायला जायचं तर पालच्या जंगलात. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर लांब. तरी यंदा आम्ही ठरवलं. बारा जणींची दोन हजारांची भिशी घरात लागली, चोवीस हजार हातात आले आणि दिवाळीच्या सुट्टीत मुलांच्या शाळा बंद होत्या. मुलांना जंजिरा किल्ला पाहायचा होता, अम्मींना समुद्र. दोन्ही एका फेरीत होतील म्हणून रायगड जिल्ह्यातलं मुरुड निवडलं. अम्मी, आम्ही दोघं आणि तीन मुलं.

राहण्याची जागा आम्ही मोबाइलवर शोधली. मुरुडच्या अलीकडे एक रिसॉर्ट दिसलं. फोटोत निळा तरणतलाव, त्याच्या काठाला नारळी आणि नारळींना खेटून समुद्र. खाली लिहिलेलं, ‘अगदी समुद्राला लागून, खोलीतून समुद्रदर्शन’. फोन केला. पलीकडचा माणूस गोड बोलला, “काका, खोलीतून चप्पल घालायचीही गरज नाही, थेट वाळूत.” अम्मींचे गुडघे दुखतात, त्यांना फार चालवत नाही, म्हणून आम्हाला नेमकं हेच हवं होतं. सुट्टीचा दर होता, एका खोलीचे ४,२०० रुपये. दोन खोल्यांचे ८,४००. निम्मे आगाऊ पाठवले.

भुसावळहून सकाळच्या गाडीने कल्याण, तिथून भाड्याची गाडी. पनवेल सोडल्यावर पेण, मग वडखळच्या नाक्यावर दीड तास खोळंबा. दिवाळीच्या सुट्टीत सगळी मुंबई अलिबागकडे निघते, हे वडखळला जाऊन अडकल्यावरच कळतं. रेवदंड्याला कुंडलिकेचा पूल ओलांडला तेव्हा अम्मी खिडकीला नाक लावून म्हणाल्या, “हाच काय वं समुद्र?” आम्ही म्हटलं, नाही अम्मी, ही खाडी. पुढे काशीदला सुरूच्या झाडांमागे काहीतरी चमकलं. ड्रायव्हरला थांबायला सांगावं असं वाटलं होतं. पण साडेपाच वाजून गेले होते आणि पुढे आपल्याला खोलीतूनच दिसणार आहे की, म्हणून थांबलो नाही. त्या ‘पुढे’ची चुटपुट अजून आहे.

सहाला पोचलो. त्या दिवशी चांदाची २९ तारीख होती. अम्मींची जुनी सवय आहे, २९ला मगरिबच्या आधी गच्चीवर जाऊन पश्चिमेला चांद शोधायचा. त्यांनी गाडीतून उतरताच विचारलं, “समुद्र कुठी हाये? चांद तिकडूनच दिसीन ना?”

समुद्र नव्हता. तरणतलाव होता, फोटोतल्यापेक्षा निम्मा आणि हिरवट. त्याच्या पलीकडे दहा फुटांची भिंत, भिंतीला लागून सिमेंटची पाण्याची टाकी आणि लग्नकार्याचा पत्र्याचा मंडप. भिंतीच्या मागे कुणाची तरी सुपारीची वाडी आणि वाडीच्या मागे समुद्र. आवाजसुद्धा येत नव्हता. तो फोटो ड्रोनने उंचावरून काढलेला. उंचावरून पाहिलं की भिंत दिसत नाही आणि मधली वाडी रिसॉर्टचीच बाग वाटते. फोटो खोटा नव्हता, हे त्यातलं कसब.

काउंटरवर विचारलं तर मॅनेजर म्हणाला, “भिंतीपलीकडे दोनशे पावलांवर समुद्र आहे, काका. फक्त मधली जागा दुसऱ्याची. रस्त्याने जा, दीड किलोमीटर पडेल.” खोलीतून दर्शनाचं काय? वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांच्या बाल्कनीतून दिसतो, त्यांचा दर वेगळा, आणि त्या भरल्या होत्या. अंधार पडला होता. अम्मींना दीड किलोमीटर चालवणं शक्य नव्हतं आणि गाडीवाला जेवायला गेलेला. अम्मी काही बोलल्या नाहीत. टाकीच्या दिशेने थोडा वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, “चला, नमाज पढून घेऊ. समुद्र तिकडं म्हणजे किबला पण तिकडंच ना?” एवढी एक गोष्ट त्या टाकीने नीट दाखवली.

खोलीचं वर्णन फार करत नाही. नळाला खारट पाणी, चादरीला ओलसर वास, सहा माणसांत दोन जादा गाद्या मागितल्या तर प्रत्येकी ७०० रुपये. हे आधी सांगितलं नव्हतं. जेवायला बसलो तेव्हा वेटरला विचारलं, कोंबडी हलाल आहे का? तो पोरगा प्रामाणिक होता. म्हणाला, “माल बाहेरून येतो, मला माहीत नाही.” तेवढ्यात मॅनेजर आला आणि न विचारता म्हणाला, “सगळं हलालच आहे, बिनधास्त घ्या.” कोणता दुकानदार, हे विचारल्यावर मात्र त्याला नाव आठवेना. आम्ही मासे मागवले. समुद्राच्या दोनशे पावलांवर ताटात आलं काय, तर बासा. हा मासा आपल्या समुद्रातला नाहीच. व्हिएतनामकडच्या मेकाँग नदीतल्या जातीचा, तळ्यात पाळलेला, काटे काढून गोठवून विकला जाणारा. चवीला वाईट नव्हता, पण बासा खायला सावद्याहून मुरुडला कोण जातं? फळांच्या थाळीत केळी होती, काळी पडलेली, चार फोडींचे ८० रुपये. थोरल्या मुलीने फोड उचलून बापाकडे पाहिलं आणि दोघं हसले. त्या संध्याकाळी हसू आलं ते तेवढंच.

मग मंडपात गाणी सुरू झाली. उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिवर्धक वाजवायला २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी सर्वसाधारणपणे मनाई आहे. तिथे पावणेबाराला बंद झालं, तेही वीज गेली म्हणून. वीज गेली तसा पंखा गेला आणि डास आले. धाकटा रडून रडून झोपला. अम्मी खुर्चीवर बसून तसबीह ओढत होत्या. आम्ही माफी मागितली तर म्हणाल्या, “अरे, तू का समुद्र उचलून आणशीन?”

फजरनंतर अम्मींना घेऊन फाटकाबाहेर आलो. रस्त्याने जमेल तितकं जाऊ, नाही जमलं तर परत फिरू, असा विचार होता. भिंत संपते तिथे त्या वाडीचं बेडं होतं आणि बेड्याशी एक बाई अंगण झाडत होती. साठी-पासष्टीची, डोक्यावर पदर. अम्मींनी सलाम केला. तिने खराटा खाली ठेवून सलाम घेतला आणि विचारलं, “रिसॉर्टवाले? भिंतीकडे बघून आलात ना? सगळेच येतात.” असं म्हणून तिने बेडं उघडलं. वाडीतून समुद्राकडे जाणारी पायवाट खरोखरच दोनशे पावलांची होती. मुलांनी मोजली, दोनशे चौदा.

आणि समुद्र तिथेही नव्हता. ओली, काळपट वाळू लांबच लांब पसरलेली, तिच्यात खेकड्यांची भोकं, आणि पार टोकाला एक पांढरी रेघ. अम्मी डोळ्यांवर हात धरून पाहत राहिल्या. म्हणाल्या, “याच्यापेक्षा तर आपलं हतनूर भरलेलं दिसते.”

त्या बाईंना मुलं लगेच खाला म्हणू लागली होती. त्यांचे यजमान मागून आले. आयुष्यभर वाडी आणि थोडी मासेमारी केलेले. त्यांनी जे सांगितलं ते आम्हाला कोणत्याही संकेतस्थळाने सांगितलं नव्हतं. आमावस्या-पुनवेला भरतीही मोठी आणि ओहोटीही मोठी. त्या दिवसांत इकडे पाणी दुपारी बाराच्या सुमारास चढतं आणि सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास पार ओसरतं. पुढे रोज पाऊण तास, पन्नास मिनिटं उशीर होत जातो. म्हणजे अष्टमीला उलटं, सकाळ-संध्याकाळ भरती आणि दुपारी ओहोटी. कोळ्यांचा हिशेब तर तोंडावरचा, तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ निघते. अष्टमी असेल तर आठ पाऊण सहा. आमावस्या म्हणजे पंधरा, पंधरा पाऊण सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे.

आम्ही थक्क झालो. आपल्या घरोघरी भिंतीवरच्या कॅलेंडरात चांदाची तारीख असते. चांदाची तारीख तिथीच्या एखाद दिवस मागे धरली की हाच हिशेब आपल्याला घरबसल्या करता येतो. आम्ही २९ चांदला संध्याकाळी सहाला पोचलो होतो. भिंत नसती तरी आमच्या वाट्याला चिखलच होता! याचा दोष रिसॉर्टला देता येत नाही. पण ‘खोलीतून थेट वाळूत’ म्हणणाऱ्याने एवढं सांगितलं असतं तर आम्ही आठवड्याने मागेपुढे आलो असतो.

आता प्रश्न वेळेचा. खोली दहाला सोडायची होती. भरती साडेबारा-एकला. तिथून राजपुरीला जाऊन होडीने जंजिरा, आणि रात्रीची गाडी पकडायला कल्याण. दोन्ही जमणार नव्हतं. मुलांकडे पाहिलं. थोरली म्हणाली, “दादीला समुद्र दाखवू. किल्ला कुठं पळतो?” धाकट्याचं तोंड पडलं, पण तो बोलला नाही.

मग आम्ही खालाच्या पडवीत बसलो ते चांगले पाच तास. खालाने तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, सोबत सुक्या जवळ्याची चटणी. पैशांची गोष्ट काढली तर तिने भाकर उलटता उलटता असं काही पाहिलं की आम्ही पाकीट परत खिशात घातलं. अम्मींनी आपल्या कळण्याच्या भाकरीची कृती सांगितली, ज्वारीत उडीद किती घालायचे ते. खाला म्हणाली, इकडे ज्वारी कोण खातं.

बोलता बोलता गोष्ट वादळावर आली. ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. ते याच किनाऱ्यावर आदळलं होतं. खालाची निम्मी वाडी त्या एका दुपारी झोपली. नारळ मुळासकट उपटले, सुपाऱ्या मधोमध मोडल्या, घराची कौलं उडाली. अम्मींना ती भाषा समजत होती. रावेर तालुक्यात मे-जूनमध्ये वावटळ सुटली की काढणीला आलेली केळीची बाग तासाभरात जमिनीवर येते, हे त्यांनी स्वतः दोनदा पाहिलं आहे. त्या म्हणाल्या, “आमची केळी आडवी झाली तर निदान वर्षाभरात पुन्हा घड धरते.” खाला म्हणाली, “सुपारीला पाच-सात वर्षं लागतात. नारळाला तेवढीच. लावली आहेत, पण खाणार कोण, आम्ही का नातवंडं?” तिने बोट दाखवलं. मोडक्या खोडांच्या मध्ये कमरेपासून डोक्याएवढी नवी झाडं. भिंतीपलीकडच्या रिसॉर्टवाल्याने त्याच वर्षी ही वाडी विकत मागितली होती, तेही तिने सांगितलं. नुकसान भरून निघालं असतं. दोघांनी दिली नाही. का, ते आम्ही विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. फोटोतली नारळी मात्र आम्हाला तेव्हा ओळखू आली. ती खालाची होती.

मुलं कंटाळू नयेत म्हणून त्यांना जंजिऱ्याच्या गोष्टी सांगितल्या. जंजिरा हा शब्दच अरबी ‘जझीरा’वरून आला, म्हणजे बेट. आफ्रिकेतल्या हबसाणातून आलेल्या सिद्दींनी तिथे राज्य केलं. चारही बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याचे दोन तलाव. शिवाजी महाराजांनी प्रयत्न केले, संभाजी महाराजांनी केले, पण किल्ला कुणाला घेता आला नाही, आणि १९४८ मध्ये हे संस्थान भारतात विलीन झालं. कलालबांगडी नावाची तोफ ऐकून धाकट्याचे डोळे मोठे झाले. थोरलीला दुसरी गोष्ट आवडली. याच जंजिऱ्याच्या बेगम नाझली यांनी १९०८ साली युरोपचा प्रवास केला आणि त्याचं वर्णन उर्दूत लिहून छापलं. त्यांची बहीण अतिया फैजी त्याआधीच, १९०६ मध्ये, शिकायला लंडनला गेली होती. सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या घरातल्या बायका प्रवास करून त्याची हकिगत लिहीत होत्या म्हटल्यावर मुलगी म्हणाली, “मग त्यांनी हॉटेल खराब असलं तर तेही लिहिलं असेल का?” तिच्या या प्रश्नामुळेच हा लेख या पानावर आला, हे कबूल करायला हवं.

साडेअकराला पांढरी रेघ जवळ आली. मग ती रेघ राहिली नाही, लाटा झाल्या. बारा वाजता वाळूतली खेकड्यांची भोकं बुडाली. साडेबाराला पाणी वाडीच्या कुंपणाखाली आलं आणि आवाज इतका वाढला की पडवीत मोठ्याने बोलावं लागलं. अम्मींना दोघांनी धरून खाली नेलं. त्या घोट्याएवढ्या पाण्यात उभ्या राहिल्या. लाट मागे फिरताना पायाखालची वाळू सरकली तशा घाबरून त्यांनी सुनेचा दंड घट्ट धरला, मग हसल्या. ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं आणि थुंकून म्हणाल्या, “ते खरंच सांगत होते. मले वाटे, गंमत करतात.” बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या. आम्ही कुणी बोललो नाही.

सामान आणायला रिसॉर्टवर गेलो तर बिलात आणखी दोन ओळी होत्या. खोली उशिरा सोडली त्याचे १,००० रुपये आणि २,६०० रुपयांच्या जेवणावर दहा टक्के सेवा शुल्क, २६०. उशिराचं आम्ही सकाळीच फोनवर विचारलं होतं, तेव्हा ‘काही हरकत नाही’ असं उत्तर मिळालं होतं. सेवा शुल्क बिलात परस्पर लावू नये, असे निर्देश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजीच दिले आहेत. ते सांगितल्यावर मॅनेजर म्हणाला, “इथे सगळे देतात.” गाडी सुटायची होती. आम्ही दिले, पण पावतीवर लिहून घेतलं. राजपुरीच्या धक्क्यावर दहा मिनिटं थांबून मुलांना किल्ला लांबून दाखवला. शिडाच्या होड्या, त्यांच्यासाठी लागलेली रांग आणि पाण्यात ठेवल्यासारखा काळा तट. धाकट्याने बुरूज मोजायला घेतले. एकोणीस आहेत असं त्याला सांगितलं होतं, त्याला सात दिसले. उरलेल्या बारांसाठी परत यायचं, हे त्याने आमच्याकडून वदवून घेतलं.

घरी आल्यावर आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. फोटो, फोनवरच्या बोलण्याची तारीख, पावती, सगळं पाठवलं. वाचकांना उपयोगी पडेल म्हणून सांगतो, २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते. म्हणजे रायगडच्या रिसॉर्टविरुद्ध जळगावच्या जिल्हा आयोगात. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. आमच्यावर तशी वेळ आली नाही. तीन आठवड्यांनी १,२६० रुपये परत आले. गाद्यांचे आले नाहीत. ‘समुद्राला लागून’ या शब्दांबद्दल काहीच उत्तर नाही, आणि तो फोटो आजही तिथेच आहे.

पुढच्या वेळी आम्ही काय करू, असं शेजाऱ्यांनी विचारलं. आगाऊ पैसे पाठवण्याआधी खोलीच्या खिडकीत उभं राहून काढलेला व्हिडिओ मागू, कालचा, ड्रोनचा नको. जादा गादी, जेवण, खोली सोडण्याची वेळ, हे बोलून नाही तर मेसेजवर लिहून घेऊ. कोंबडी कुठून येते ते विचारू आणि उत्तर फार पटकन आलं तर मासेच खाऊ, पण ते आज किनाऱ्यावर आलेले. हॉटेलपेक्षा घरगुती राहणं बरं पडतं. महाराष्ट्रात निवास व न्याहारी योजना आहे, तीत नोंदलेली घरं कोकणात आहेत. आणि भिंतीवरची चांदाची तारीख पाहूनच तिकीट काढू.

कपाटात आता शंखाशेजारी एक सुपारी आहे, सालासकट. खालाने अम्मींच्या हातात दिलेली. परवा तिचा फोन आला. केळीचे चार कंद पाठवाल का, वाळूच्या जमिनीत धरतील का, असं विचारत होती. अम्मींनी फोन आमच्या हातातून घेतला आणि आधी विचारलं, “विहिरीचं पाणी गोडं हाये की खारं?”